चांदीच्या गावाचं मावंदं

अमेरिकेचं मावंदं घालायचं, हे सुलाबाईंनी ठरवलं. त्या पिंगळीहून सकाळच्या गाडीनं परभणीला आल्या, तिथून एसटीनं जिंतूरला, आणि जिंतूरहून भाचा परमेश्वर याच्या मोटारसायकलवर मागं बसून देवसांगवीला. ओसरीवर टेकल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि तांब्या खाली ठेवायच्या आधीच धाकट्या भावावर घसरल्या.

"दिनकर, तू सरळ घरात आलास मनं?"

"मग कुठं जाऊ?" दिनकरराव म्हणाले. "माझंच घर हाय."

"एवढा समुद्र वलांडून आलेलं माणूस आधी मारुतीच्या देवळात थांबतं. वाजतगाजत घरी येतं. मावंदं होतं, भावकी जेवती. तू इमानातून उतरलास ते थेट माजघरात."

"जीजी, अमेरिका मंजी काशी न्हाई."

"काशीला तर कुणीबी जायलंय आता. अमेरिकेला आपल्या घरातलं कोण गेलं होतं? मावंदं पायजे."

रुख्मिणीबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. धाकट्या लेकाकडे, योगीराजकडे, चार महिने डेन्व्हरला राहून नवरा-बायको मागच्याच आठवड्यात परतले होते. झोपेचं वेळापत्रक अजून ताळ्यावर आलं नव्हतं. तरी नणंदेच्या मनात काय आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं. सुलाबाईंना मावंद्याचं पुण्य नको होतं. त्यांना आपले दोन भाऊ एका पंगतीत बसलेले बघायचे होते. ऐंशी कधीच उलटून गेली होती आणि त्या आता वाट बघायला तयार नव्हत्या.

लग्नकार्याला एखाद्याला वगळता येतं. पत्रिका पोचली नाही म्हणून वेळ मारून नेता येते. मावंद्याला मात्र भावकी बोलवावीच लागते. आणि या घराची भावकी म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे राहणारे थोरले बंधू व्यंकटराव.

भांडण देवांवरून होतं. देव म्हणजे पाच टाक: चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले, बोटाच्या दोन पेरांएवढे. घोड्यावरचा खंडोबा, तुळजापूरची देवी आणि बाकीचे घराण्याचे मूळपुरुष. रुख्मिणीबाईंच्या सासूबाईंनी आपल्या गळ्यातल्या माळेचे राणीछाप रुपये मोडून ते जिंतूरच्या सोनाराकडून घडवून घेतले होते. येलदरीच्या धरणात जुनी देवसांगवी बुडाली, तेव्हा लोकांनी दारं-खिडक्या काढून बैलगाड्यांत भरल्या. सासूबाई पदरात हे पाच टाक बांधून टेकाड चढल्या. रीतीनं देव थोरल्या मुलाकडे जायचे. पण व्यंकटराव पडले मास्तर, आज पालमला तर उद्या सोनपेठला. सासूबाई धाकट्याकडे राहिल्या, इथंच गेल्या, आणि देवही इथंच राहिले. पुढं व्यंकटराव निवृत्त होऊन गावात आले, घर बांधलं, आणि एके दिवशी देव मागायला या ओसरीवर येऊन बसले. दिनकररावांनी चारचौघांत विचारलं, "देव काय बदलीवर फिरत असत्यात का?"

एवढंच वाक्य. त्याला वीस वर्षं झाली. त्या दिवसापासून व्यंकटराव या घरात आले नाहीत, आणि त्यांच्यामुळं बायनाबाईही नाहीत. बायनाबाई रुख्मिणीबाईंची थोरली जाऊ. पण जाऊ नंतरची, आधी सख्खी थोरली बहीण. मानवतच्या एका घरातून दोघी या एका घरात दिल्या होत्या. भाऊ भावाशी बोलत नाही हे गाव समजून घेतं. बहिणीनं दोन गल्ल्या ओलांडून बहिणीकडे जायचं नाही, याचा जाच किती असतो ते त्या दोघींनाच ठाऊक. भेटायच्या त्या जिंतूरच्या बाजारात, कासाराच्या दुकानात, नाहीतर दवाखान्यात. दुखत काही नसलं तरी दवाखान्यात. तिथल्या बाकड्यावर बसून त्यांनी चार लेकरांची लग्नं एकमेकींना सांगितली होती.

आक्कानं एकदा आपल्या घरी बसून जेवावं, एवढी एकच इच्छा रुख्मिणीबाईंची उरली होती. ती त्या कुणापाशी बोलत नसत, कारण बोलून ती पुरी होण्यातली नव्हती.

थोरला लेक परमेश्वर कुंकू-अक्षता घेऊन चुलत्याकडे आवतण द्यायला गेला आणि चहासुद्धा न घेता परत आला.

"काय मनले मोठे आबा?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"बगू मनले."

"आन आक्का?"

"मोठी आई आतच होती. नुसती भांडी वाजत होती."

"मी बोलावलंय," दिनकरराव दस्तीनं तोंड पुसत म्हणाले. "माझं काम झालं."

व्यंकटरावांचं 'बघू' म्हणजे काय ते सगळं घर ओळखून होतं.

*

मावंद्याच्या आदल्या दुपारी तिघी जणी डाळ निवडत बसल्या: सुलाबाई, रुख्मिणीबाई आणि परमेश्वरची बायको अपेक्षा. अंगणात सोयाबीनची थप्पी लागली होती आणि तिची धूळ ओसरीपर्यंत येत होती.

"सासूबाई, त्या चांदीच्या गावाचं सांगा ना आत्याबाईंना," अपेक्षा म्हणाली. तिनं ते दोनदा ऐकलं होतं, फोटोही बघितले होते. पण सासू सांगायला लागली की तिला आवडायचं.

"काय सांगू, वन्सं. योगीराजनं आमाला गाडीत घातलं आन डोंगरात नेलं. डोंगर असले की आपण वर आन ढग खाली. माझे कान बसले. तिथं खाणीची गावं हायेत. एक न्हाई, दोन-तीन बगितली."

"कशाच्या खाणी?"

"चांदीच्या. कवा काळी कुणाला तरी चांदी सापडली आन लोक तुटून पडले. डोंगराच्या बेचक्यात गाव उभं राहिलं. पेठ काय, नाटकाचं थेटर काय, देऊळ काय. समदी घरं लाकडाची. कुणाचं गुलाबी, कुणाचं पिवळं. आन वळचणीला लाकडाचीच झालर, क्रोशानं विणल्यावाणी."

योगीराज त्या घरांना 'व्हिक्टोरियन' म्हणत होता. रुख्मिणीबाईंनी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी होती ना माय, तिच्या काळातल्या धाटणीची घरं. 'मंजी राणीछाप,' रुख्मिणीबाई म्हणाल्या. योगीराज गाडी चालवता चालवता इतका हसला की त्याच्या बायकोनं, निकितानं, त्याला रस्त्याकडे बघायला सांगितलं. पण त्या दिवसापुरती ती राणीछाप घरंच झाली.

"आपल्या देवाच्या चांदीवर होती तीच राणी?" सुलाबाईंनी विचारलं.

"तीच. कुठं ती, कुठं आपण."

"आन दिनकर काय करीत होता?"

अपेक्षा आधीच हसायला लागली. खाणीत शिरताना सगळ्यांना पिवळी शिरस्त्राणं घालायला दिली होती. दिनकररावांनी टोपी काढायला साफ नकार दिला. शेवटी टोपीवरच ते शिरस्त्राण बसवलं, आणि ते असं डुगडुगायला लागलं की दिनकरराव खाणभर एक हात डोक्यावर धरून हिंडले. बुटक्या रुळगाडीत बसून डोंगराच्या पोटात जायचं होतं. खाण दाखवणारी बाई उंच, केस पांढरेशुभ्र, आवाज मात्र खणखणीत. तिनं भिंतीवर बॅटरी मारून चांदी दाखवली.

"चांदी काळी असती, वन्सं."

"काय सांगती."

"काळी. दगडात कोळशाची रेघ मारल्यावाणी. मला वाटलं बाई थट्टा करायली. मग तिनं सांगितलं, ही भट्टीत जाती, कुटून-गाळून पांढरी होती. आन मंग तिनं दिवे घालवले. तिथं लोक कसल्या अंधारात राबायचे ते कळावं मनून. हाताला हात दिसंना. मी ह्यांची बाही धरली."

"आन त्यानं?"

"त्यांनी माझी आधीच धरली होती."

सुलाबाई डाळीतला खडा उचलायच्या थांबल्या आणि भावजयीकडे बघून गालात हसल्या.

"तीर्थ आणलंस का तिथलं? मावंद्याला पाणी पायजे."

आणलं होतं, म्हणजे भरलं होतं. खाणीखालच्या ओढ्यात रुख्मिणीबाईंनी सवयीनं बाटली बुडवली. नदी दिसली की पाणी भरायचं, हा हात लहानपणापासूनचा. पाणी नारिंगी निघालं. योगीराजनं ती बाटली काढून घेतली आणि सांगितलं की हे खाणीच्या अंगाचं पाणी, यात मासासुद्धा जगत नाही. "मासाबी जगत न्हाई असलं तीर्थ कसं आणू?" रुख्मिणीबाई म्हणाल्या, आणि सुलाबाईंनी निकाल दिला की मग पूर्णेचं पाणी चालेल, येलदरीच्या काठावरनं परमेश्वरनं कळशी भरून आणावी. तसंही आपलं गाव त्याच पाण्याखाली आहे.

एका गावात शेवटी बघितलेल्या घराचं मात्र रुख्मिणीबाईंनी थोडक्यात सांगितलं. चांदीचा भाव पडला आणि गाव एका हंगामात उठलं. लोक होते तसे निघून गेले. त्यातलं एक घर तसंच ठेवलंय, तिकीट काढून बघायचं. आत जेवणाचं मेज. आठ ताटं मांडलेली, शेजारी चांदीचे चमचे लखलखीत, घडी घातलेले रुमाल. आणि मेजासमोर मखमलीची दोरी आडवी बांधलेली, कुणी जवळ जाऊ नये म्हणून.

"मी योगीराजला मनलं, त्या बाईला इचार, इथं कोण जेवतं? ती मनली, कुणीच न्हाई. ह्या घरातले लोक कुठं गेले तेबी ठावं न्हाई. आमी आठवड्याला येऊन चांदी तेवढी घासून ठिवतो."

"चांदी घासायची आन जेवायचं न्हाई," सुलाबाई म्हणाल्या. "कसलं करंटं घर."

रुख्मिणीबाईंनी सुपातली डाळ पाखडली. त्या दोरीपाशी उभं राहून आपण मनात काय बोललो, ते त्यांनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

*

मावंद्याच्या दिवशी सकाळीच सुलाबाई काठी टेकत दोन गल्ल्या पलीकडे गेल्या. तिथं काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही. पण पूर्णेच्या कळशीची पूजा झाली, पहिली पंगत उठली, आणि दुसरीची पानं मांडत असताना व्यंकटराव आले. पांढरा सदरा, धुतलेलं धोतर, हातात काठी. मागं चार पावलांवर बायनाबाई, डोक्यावरून पदर.

अंगणातलं बोलणं एकदम खाली आलं. परमेश्वरनं धावत जाऊन खुर्ची ओट्यावर ठेवली. व्यंकटराव बसले, पण ओट्यावरच. बायनाबाई पायरीवर टेकल्या. वीस वर्षांत हे दोघं इथवर आले नव्हते, आणि आता चौकटीपासून हातभर लांब होते.

"मोठे आबा, पान मांडलंय," परमेश्वर म्हणाला.

"मला सकाळचंच जड झालंय. पान-सुपारी घिऊन निघतो."

व्यंकटराव जेवणार नाहीत म्हटल्यावर बायनाबाईंचाही प्रश्न मिटला. दोघांची ताटं आत माजघरात मांडलेली होती. रुख्मिणीबाईंनी स्वतः रांगोळी काढली होती, पुरणपोळीवर तुपाची वाटी पालथी केली होती, आक्काला आवडते म्हणून कटाची आमटी दाट केली होती. त्या माजघराच्या दारात उभ्या राहिल्या. एकीकडे ती दोन ताटं, दुसरीकडे पायरीवर पाठमोरी बहीण. मधे दोरी नव्हती, एवढाच काय तो फरक.

सुलाबाईंनी वेळ बरोबर साधली. "आता सांगा," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "काय सोडून आलात?"

काशी करून आलेला माणूस एक वस्तू कायमची सोडून येतो. आवडीची भाजी, आवडीचं फळ. मावंद्याला ती जाहीर करायची असते, आणि एकदा बोलली की ती जन्मात परत घेता येत नाही.

"मी?" दिनकरराव म्हणाले. "इमानात चहा देत होते, तो सोडला."

पंगत हसली. व्यंकटरावांचाही ओठ हलला, पण त्यांनी तो मिशीत दडवला.

"तुमी कारलं सोडलं होतं ना, आत्याबाई?" परमेश्वरनं विचारलं.

"सोडलं होतं."

"तुमाला कारलं आवडत होतं?"

"तोंडात घालवत नव्हतं. तुला काय करायचंय? रुख्मिणी, तू सांग. तू काय सोडलंस?"

रुख्मिणीबाईंनी पदर सारखा केला. त्या आयुष्यात कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या. पण आवाज निघाला तो नेहमीचाच, भाकरी वाढू का विचारावं तसा.

"मी देव सोडले."

"कशाचे देव?" सुलाबाईंना कळलंच नाही.

"आपले. देव्हाऱ्यातले पाच टाक. त्या चांदीच्या गावात, डोंगरात, बोलले मी. आजपासून त्यांना माझा हात लागायचा न्हाई."

दिनकररावांच्या हातातला अडकित्ता थांबला. "मला न इचारता?"

"इचारलं असतं तर तुमी न्हाई मनला असता."

"न्हाईच मनलो असतो."

"मनून न्हाई इचारलं."

कुणीतरी हसू दाबलं. व्यंकटराव मात्र हसले नाहीत. त्यांनी काठी जमिनीवर टेकवली.

"रुख्मिणी," ते म्हणाले, मास्तरकीतला सावकाश, तोलून बोलायचा आवाज, "लोक पेरू सोडत्यात. वांगं सोडत्यात. देव सोडल्याचं म्या ऐकलं न्हाई. आन तू सोडलेली चीज मी उचलून न्यावी, असं वाटतं का तुला? मी मागायला आलो होतो तवा दिली न्हाई. आता टाकलेली घिऊ?"

"दाजी, मी टाकले न्हाईत." रुख्मिणीबाईंचे डोळे भरून आले, पण त्यांनी बोलणं थांबवलं नाही. "आवडीचं सोडावं मनत्यात. मला खायला काय आवडतं, ते मलाच ठावं न्हाई. समदे जेवल्यावर जे उरलं ते खाल्लं. सकाळी देवाला आंघोळ घालती, चिंचेनं घासती, गंध लावती, तेवढी घटकाभर मी माझी असती. मामींनी, तुमच्या मायनं, सोपवल्यापासून एवढंच माझं हाय. तेच सोडलं. मी तुमच्याकडं पाठवत न्हाई. मी कोण पाठवणार? मी फकस्त माझा हात काढून घेतला."

थप्पीवर चिमण्या उतरल्या होत्या, त्यांना हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

"ठीक हाय," दिनकरराव घुश्शात म्हणाले. "तू सोड. अपेक्षा करील पूजा. चार महिने तिनंच केली."

सगळ्यांनी अपेक्षाकडे बघितलं. तिच्या हातात भाताचं पातेलं होतं. सासऱ्याच्या शब्दाबाहेर ती आजवर गेली नव्हती. तिनं पातेलं खाली ठेवलं.

"आण्णा, घरातल्या थोरल्या बाईनं सोडलं ते घरानं सोडलं. आत्याबाई, तुमी कारलं सोडल्यावर तुमच्या सुनंनं कधी कारलं शिजवलं का?"

"वासबी न्हाई येऊ दिला," सुलाबाई म्हणाल्या.

"मग मी करतो पूजा," दिनकरराव उठलेच. "मी तर न्हाई ना सोडले?"

"तू काय येगळ्या चुलीवर जेवतोस का रे, दिनकर?"

दिनकररावांनी बहिणीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. एका जागी तिघी. ते पायात चपला अडकवून सोयाबीनच्या थप्पीकडे गेले आणि तिथं पोत्यांची तोंडं तपासत उभे राहिले. सगळी पोती शिवलेलीच होती.

"मंजी उद्या सकाळी देव पारोसे राहत्याल," सुलाबाई म्हणाल्या. त्यात कुणाला दोष नव्हता, टोमणा नव्हता; जे होणार ते त्यांनी सांगितलं. पण ते ऐकून बायनाबाई पायरीवरून उठल्या.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही. अंगणातल्या बादलीतल्या पाण्यानं पाय धुतले, हात धुतले. "पारोसे कामून राहतील?" त्या म्हणाल्या. "आजची पूजा झालीया. उद्याची मी करीन."

"बायना," व्यंकटराव म्हणाले.

"तुमी बसा. पान खावा."

आणि बायनाबाई उंबरा ओलांडून आत गेल्या. रुख्मिणीबाई माजघराच्या दारातून बाजूला सरकल्या. बहीण इतक्या जवळून गेली की तिच्या केसांना येणारा बदामाच्या तेलाचा वास आला. बायनाबाईंनी पाया पडून देव्हाऱ्यातला एकेक टाक उचलला आणि पदरात घेतला. पदराला गाठ मारली. त्या गाठीवर हात धरून त्या बाहेर आल्या तेव्हा व्यंकटराव काठीवर रेलून उठून उभे राहिले. धरणाचं पाणी चढत होतं तेव्हा ते जाणते होते. अशीच गाठ धरून टेकाड चढणारी आपली आई त्यांनी बघितली होती. बायकोला वाट द्यायला त्यांनी खुर्ची सरकवली.

बायनाबाई अंगणात थांबल्या आणि मागं वळल्या.

"रुख्मे, घरी गेल्यावर निवद लागंल. ती दोन ताटं मांडलीस ती घिऊन चल."

*

दोन गल्ल्यांचं अंतर ते केवढं. पुढं बायनाबाई, मागं व्यंकटराव, त्यांच्या मागं दोन झाकलेली ताटं घेऊन रुख्मिणीबाई. दारादारांतून लोक बघत होते. रुख्मिणीबाईंनी बहिणीचं हे घर फक्त बाहेरून बघितलं होतं, तेही बाजारात जाताना मान न वळवता.

आत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीत एक कोनाडा होता. त्यात लाल कापड अंथरलेलं, त्यावर हळद-कुंकवाची पाच बोटं, पाच जागी. बाजूला समई. समोर सकाळचं जास्वंदीचं फूल, अजून न सुकलेलं. बाकी कोनाडा रिकामा.

"आक्का, हे काय?"

"घर बांधलं तवाच केलाय."

"रोज करतीस?"

"जागेला हळद-कुंकू लावती. फूल ठिवती. देव येत्याल तवा जागा पारोशी नको ना."

रुख्मिणीबाईंनी ताटं खाली ठेवली आणि त्या रडल्या. दवाखान्याच्या बाकड्यावर इतकी वर्षं इतकं बोलून आक्कानं हे एकदाही सांगितलं नव्हतं. बायनाबाईंनी एका हातानं पदराची गाठ धरली होती, दुसरा हात बहिणीच्या पाठीवर ठेवला.

"गप. निवद गार व्हायलाय."

त्यांनी गाठ सोडली आणि पाचही टाक आपापल्या कुंकवावर मांडले. व्यंकटराव दाराशी उभे होते. ते जवळ आले नाहीत, पण हात जोडलेले होते.

"गंध?" बायनाबाईंना आठवलं. "माझ्याकडं सहाण न्हाई."

तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज झाला आणि तो दारात येऊन थांबला. दिनकरराव होते. टोपीवर सोयाबीनची धूळ. एका हातात आईची सहाण, घासून घासून मधे वाटीसारखी खोलगट झालेली; दुसऱ्या हातात चंदनाचं खोड.

"हे राहिलं होतं," ते कुणाकडेही न बघता म्हणाले.

व्यंकटरावांनी ती सहाण बघितली. बराच वेळ बघितली. ती हातात घ्यायला त्यांना दोन पावलं पुढं यावं लागलं, आणि ते आले.

"बदली झाली मनायची देवाची," दिनकरराव पुटपुटले.

"वीस वर्सं लागली हुकूम निघायला," व्यंकटराव म्हणाले. "आत ये. पाय धू."

दिनकररावांनी पाय धुतले. बसायला पाट एकच होता. व्यंकटरावांनी तो भावाकडे सरकवला आणि स्वतः खाली बसले. मग व्यंकटरावांनी विचारलं, "तिथं चांदी काळी असती मनं? जीजी सांगत होती."

"काळी कुळकुळीत, दादा. तुमी बगायला पायजे होतं," दिनकरराव म्हणाले, आणि एक हात नकळत टोपीवर ठेवून सांगायला लागले.

बायनाबाई गंध उगाळत होत्या. सहाणेवर खोड फिरल्याचा तो आवाज रुख्मिणीबाईंच्या ओळखीचा होता. फक्त तो आता दुसऱ्याच्या हातातून येत होता. समईच्या उजेडात त्यांना दिसलं की खंडोबाचा टाक एका बाजूला कलंडलाय. तो असाच कलंडायचा, त्याची खालची कड जरा वाकडी होती. त्यांचा हात आपोआप पुढं गेला आणि कोनाड्यापाशी थांबला. बोटं तशीच हवेत राहिली.

बायनाबाईंनी गंधाचं बोट पुसलं. बहिणीचा थांबलेला हात त्यांनी बघितला, हळूच खाली घेतला आणि आपल्या मांडीवर धरून ठेवला.

"तुझा हात लागायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "तोंडानं सांगायला काय झालं? रोज सकाळी ये आन सांग. कसा ठिवू?"

रुख्मिणीबाईंनी डोळे पुसले आणि खंडोबाकडे नीट बघितलं.

"जरासक डावीकडं," त्या म्हणाल्या.